मेर्वीची चाळीस मिनिटं

मालनचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सदू शिवलकर गोळपहून पावसला चालत गेला. एस.टी. होती, पण बसमध्ये ओळखीचे लोक भेटले असते, दोन मायेचे शब्द बोलले असते, आणि त्याला आपला राग थोडासुद्धा कमी व्हायला नको होता.

गोळपच्या रस्त्याला सदूचं गॅरेज होतं. आंब्याचे ट्रक, दोन-चार जीप आणि पावसच्या डॉक्टर सावित्री शेवडे यांची जुनी मॉरिस मायनर, एवढ्यांवर त्याचं चालायचं. १९८३ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो कोल्हापूरला सामान आणायला गेला होता. त्याची बायको मालन त्या दिवशी एका बागेतल्या मांगरात, राखणीच्या झोपडीत, आंब्याच्या पेट्या भरत होती. पेटीत घालायला पेंढा हवा म्हणून तिने ढिगात हात घातला आणि आत बसलेला नाग तिच्या मनगटाला चावला. दुपारचा एक वाजला होता.

मालनचा भाऊ रामा त्याच बागेत कामाला होता. कुणाचीतरी सायकल घेऊन तो पावसला डॉक्टरीणबाईंकडे सुटला. बाई दवाखान्यात नव्हत्या, मेर्वीला एका म्हातारीला बघायला गेल्या होत्या. रामा तसाच पुढे मेर्वीला गेला. बाई तिथे भेटल्या, सापाची लसही त्यांच्या बॅगेत होती. पण त्यांची गाडी गोळपला पोचली तेव्हा तीन वाजून गेले होते. मालन पावणेतीनला गेली होती.

सदू रात्री कोल्हापूरहून आला तो थेट माणसांच्या गर्दीत. सकाळी स्मशानात रामाने त्याला एका बाजूला घेतलं.

"ती बसलेली व्हती, भावजी. ओटीवर. गाडीचं बॉनेट उघडं टाकून चाय पीत व्हती. मी म्हटलं, चला. तर म्हणते, गाडी तापलेय, थंड झाल्याबिगर सुरू व्हायची नाय. चाळीस मिनटं! हातातल्या घड्याळात बघत बसली."

हे ऐकलं आणि सदूच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली. ती गाडी त्याच्या हातातली होती. गेल्या दिवाळीत त्यानेच तिचं इंजिन उतरवून सगळं काम केलं होतं. त्याच्या गॅरेजात ती बोट लावल्याबरोबर सुरू व्हायची. म्हणजे बाई खोटं बोलल्या. भर उन्हात दहा-अकरा किलोमीटर जायचं, तेही पेट्या भरणाऱ्या एका बाईसाठी, म्हणून जिवावर आलं त्यांच्या. त्याने हे गोळपमध्ये दहा जणांना सांगितलं. मेस्त्री स्वतः म्हणतो म्हटल्यावर कुणाला शंका येणार? आठ दिवसांत गोळपचं एकही माणूस पावसच्या दवाखान्याची पायरी चढेनासं झालं. कुणीतरी दवाखान्याच्या खिडकीची काच फोडली. कुणी फोडली ते सदूला ठाऊक होतं, आणि त्याने त्या माणसाला काही म्हटलं नाही.

दवाखान्यात तो शिरला तेव्हा बाकावर तीनच माणसं होती. बाई एका बाळाच्या घशात बॅटरी मारून बघत होत्या. अठ्ठावन्न वर्षांची, हाडकुळी बाई, पांढरं सुती पातळ, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

"चावी द्या गाडीची," सदू म्हणाला.

बाईंनी मान वर केली नाही. "रांगेत बस, सदानंद."

"मी आजारी नाय."

"मग बाहेर थांब."

तो थांबला नाही. टेबलापाशी येऊन उभा राहिला. "गाडी सुरू होत व्हती का नव्हती, ते मी गोळपच्या मारुतीसमोर सगळ्या गावाला दाखवणार. द्या चावी."

बाईंनी बाळाच्या आईला गोळ्यांची पुडी दिली, किती वेळा द्यायच्या ते दोनदा समजावलं, आणि मग त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या आवाजात दुःखबिःख काही नव्हतं. "मार्चमध्ये मी ही गाडी घेऊन तुझ्याकडे आले होते. उन्हातून लांब जाऊन कुठे पंधरा-वीस मिनिटं थांबलं की सुरू होत नाही, असं सांगितलं होतं. तू काय म्हणालास?"

"तुमी गाडी गरम असताना चोक ओढता, म्हटलं. ओढताच."

"एकोणीस वर्षं मी ही गाडी चालवते आहे."

"चालवा की. चालवता येते म्हणून इंजिन कळतं असं नाय."

बाईंनी ड्रॉवर उघडून चावी काढली आणि टेबलावर टाकली. ती घसरत जाऊन खाली पडली. "घेऊन जा. पण मी सांगितलं तसं करून बघ. लांब चालव, मग वीस मिनिटं उभी कर."

"मला शिकवू नका," सदू म्हणाला आणि वाकून त्याने चावी उचलली. बाईंसमोर वाकावं लागलं याचाही त्याला संताप आला.

संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर शंभरेक माणसं जमली. सदूने गाडी मधोमध उभी केली, इंजिन बंद केलं, स्टार्टरचा खटका ओढला. गाडी सुरू. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. त्याने दहा वेळा तसं केलं आणि दहाही वेळा इंजिन पहिल्या फेऱ्यालाच पेटलं. माणसं आधी गप्प होती, मग एकेक शिवी ऐकू येऊ लागली. रामा पुढे आला आणि काचेवर थुंकला. सरपंचांनी तिथेच कागद मागवला. या डॉक्टरीणबाईंना पुन्हा या पंचक्रोशीत पेशंट बघू देऊ नये, त्यांच्यावर खटला भरावा, असा कलेक्टरकडे अर्ज करायचा ठरलं. पुढच्या सोमवारी देवळात सह्या घ्यायच्या, पहिली सही सदूची.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या एस.टी.ने बाई स्वतः गॅरेजात आल्या. छत्री मिटून त्या दारात उभ्या राहिल्या. सदूने बसा म्हटलं नाही.

"अर्ज ऐकला तुमचा," त्या म्हणाल्या. "दहा वेळा सुरू केलीस म्हणे. बंद केल्यावर किती वेळाने?"

"लगेच."

"आणि मी काय सांगितलं होतं?"

सदू पाना पुसत राहिला.

"भिऊ नकोस. आत्ता चल मेर्वीला. तू चालव, मी बाजूला बसते. चोकला काय, कशालाच हात लावणार नाही. तिथेच उभी करू, तेवढाच वेळ थांबू. सुरू झाली तर तुमच्या त्या अर्जावर पहिली सही मी करते."

"आणि नाय झाली तर?"

"तर तू मेस्त्री आहेस. का होत नाही ते शोध. मार्चमध्ये शोधायला हवं होतंस."

सदूला नाही म्हणता येईना. देवळासमोर खटका ओढताना प्रत्येक वेळी त्याच्या मनात एक बारीक आवाज येत होता, की लगेच सुरू होणं हा काही पुरावा नव्हे. तो मेस्त्री होता, त्याला हे कळत होतं. फक्त तो आवाज त्याला नको होता. त्याने पाना ठेवला आणि गाडीचं दार उघडलं.

साडेअकराला ते निघाले. गोळपच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, ऊन असं तापलं होतं की जांभ्याच्या दगडाकडे बघवत नव्हतं. पावस मागे टाकलं तसं सदूने समोर बघतच विचारलं, "सायकलवर का नाय बसलात?"

"काय?"

"रामाकडे सायकल व्हती. पाठी बसून का नाय आलात? पोचला असतात."

"चढ आहेत. तो एकटाच येताना धापा टाकत होता. मला घेऊन त्याला दीड तास लागला असता. गाडी दहा-पंधरा मिनिटांत थंड होईल असं मला वाटलं."

"वाटलं!"

"हो, वाटलं. आधी दोन वेळा तेवढ्यात झाली होती."

"मंग लस तरी त्याच्याकडे द्यायची."

"शिरेतून द्यायची असते. टोचणार कोण होतं तिथे? तू होतास?"

सदूने ब्रेक इतका जोरात दाबला की बाईंचं कपाळ काचेला लागता लागता राहिलं. "मी नव्हतो," तो म्हणाला. "मी नव्हतो ते मला म्हायत हाय. तुमी सांगायची गरज नाय."

बाईंनी चष्मा सारखा केला. "चालव," त्या म्हणाल्या.

मेर्वीला ताजबी नावाच्या म्हातारीच्या घरापुढे त्याने गाडी उभी केली. बाई त्या दिवशी हिच्याच दम्यासाठी आल्या होत्या. जागाही तीच, फणसाखालची नव्हे, कारण तिथे ताजबीच्या बकऱ्या बांधलेल्या असत. उघड्या उन्हातली. सदूने इंजिन बंद केलं आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. बारा वाजून पाच मिनिटं.

ताजबी काठी टेकत ओटीवर आली. "अल्ला! परत बंद पडली काय?"

"नाय पडली. पडते का बघतोय," सदू म्हणाला.

"तू कोण?"

"जिला साप चावला तिचा घरवाला."

म्हातारी खाली बसली. बराच वेळ तिला श्वास पुरला नाही. मग ती बाईंकडे बोट करून म्हणाली, "हिचा हात बघ. बघ, सोललेला दिसेल अजून. गाडीचं हँडल मारमारून सोलला. तुझ्या मेव्हण्यानं पण मारलं हँडल, पार घामानं भिजला. मग ही म्हणाली बास, जेवढं मारू तेवढं पेट्रोल आत भरतंय, थांबूया. उभी ऱ्हायला तयार नव्हती, थरथरत व्हती. मीच बसवली आणि कप हातात दिला."

सदूने बाईंकडे बघितलं. बाईंनी हात पदराखाली घेतला.

"रामानं हँडल मारलं?" सदू म्हणाला.

"मंग काय खोटं सांगते मी? या वयात?"

"मला कुणी सांगितलं नाय."

"तू विचारलंस कुणाला?" बाई म्हणाल्या.

बारा पंचवीसला सदू गाडीत बसला. चावी फिरवल्यावर बॉनेटखाली पेट्रोलचा पंप दोनदा टकटकला आणि थांबला. त्याने खटका ओढला. इंजिन फिरलं, पेटलं नाही. पुन्हा ओढला. पुन्हा. बॅटरीचा जोर कमी होत चालल्याचं आवाजावरून कळत होतं. त्याने हँडल काढलं, पुढे जाऊन सात-आठ वेळा मारलं. काही नाही.

बाई ओटीवर उभ्या होत्या. त्या हसल्या असत्या तर सदूला बरं वाटलं असतं.

त्याने बॉनेट उघडलं. पेट्रोलचा वास भपकन तोंडावर आला. आधी एका प्लगची वायर काढून त्याने इंजिनाजवळ धरली आणि ताजबीच्या नातसुनेला खटका ओढायला सांगितलं. निळी, जोरकस ठिणगी उडाली. म्हणजे करंट होता. पंप दोनदा टकटकून थांबला म्हणजे कार्बोरेटरपर्यंत पेट्रोलही पोचत होतं. त्याने प्लग खोलला. प्लग काळा आणि ओलाचिंब. इंजिन उपाशी नव्हतं, बुडालं होतं.

त्याने कार्बोरेटरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. बोटाला फोड आला. कान जवळ नेला तर आत, पेट्रोलच्या वाटीत, चुलीवर भात रटरटावा तसा आवाज येत होता. पेट्रोल उकळत होतं आणि उतू जाऊन इंजिनात सांडत होतं. गाडी चालू असताना येणारं थंड पेट्रोल आणि वारा कार्बोरेटरला निववत असे. बंद केली की खालच्या एक्झॉस्टची सगळी धग वर चढायची. त्याला दहा-वीस मिनिटं लागत. लगेच खटका ओढला तर धग वर पोचलेलीच नसायची. म्हणून गॅरेजात कधी कळलं नाही. म्हणून देवळासमोर दहाही वेळा ती सुरू झाली.

पण एवढी धग वर येते कशी? ती येऊ नये म्हणून तर कार्बोरेटरखाली बेकलाइटचा बोटभर जाडीचा ठोकळा असतो.

सदू खाली वाकला. ठोकळ्याच्या जागी कागदासारखं पातळ तपकिरी पॅकिंग होतं. एका कोपऱ्यात ते जरा वाकडं कापलेलं होतं.

ते त्यानेच कापलं होतं. दिवाळीत काम करताना जुना ठोकळा चिरलेला निघाला. रत्नागिरीत तसा मिळेना. थंडीचे दिवस होते, बाईंना गाडीची घाई होती. त्याने पॅकिंगचा कागद घेतला, कात्रीने कापला, बसवला. नवा ठोकळा कोल्हापूरहून आणू असं स्वतःशी म्हणाला. गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली आणि ठोकळ्याची गोष्ट डोक्यातून निघून गेली. त्यानंतर तो चार वेळा कोल्हापूरला गेला.

तो वाकलेलाच राहिला. पाठीवर ऊन भाजत होतं, पण त्याला सरळ होता येईना. मार्चमध्ये बाईंनी सांगितलं तेव्हा त्याने बॉनेट उघडलंसुद्धा नव्हतं. गाडीत बसून, खटका ओढून, हसून त्याने चावी परत दिली होती.

"सापडलं काही?" मागून बाईंनी विचारलं.

"तापते," सदू म्हणाला.

"ते मला ठाऊक होतं. का तापते?"

त्याने ताजबीकडून ओलं फडकं मागून घेतलं, कार्बोरेटरवर टाकलं, वरून तांब्याने पाणी ओतलं. वाफ उठली. प्लग पुसून बसवले. मग गाडीत बसून त्याने अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला आणि खटका ओढला. इंजिन दोनदा खोकलं, काळा धूर सोडला आणि पेटलं.

"हे असं करायचं असतं?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "ओलं फडकं? एवढंच? आणि हे तू मला मार्चमध्ये सांगितलं नाहीस?"

परत पावसला आल्यावर दवाखान्यापुढे उतरताना बाईंनी विचारलं, "गाडी ठेवतोस का नेतोस?"

"नेतो. काम हाय."

"आणि अर्ज?"

"सोमवारी," सदू म्हणाला आणि त्यांनी दार लावायच्या आत गाडी काढली.

गॅरेजात येऊन त्याने दार लावून घेतलं. दोन दिवस कुणाचं काम घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अडगळीतून एक जुना विजेचा बोर्ड काढला. जाड बेकलाइटची फळी होती ती, कुठल्याशा घरातला मीटर बदलला तेव्हा कुणीतरी टाकून दिलेली. तिचे तीन तुकडे कापले, एकावर एक ठेवून भोकं पाडली, कानशीने कडा घासल्या. ठोकळा तयार झाला. बसवला. घड्याळ बघितलं तर पावणेदोन तास लागले होते. बोर्ड दिवाळीतही तिथेच पडलेला होता.

त्या दुपारी तो एकटा मेर्वीपर्यंत गेला, उन्हात गाडी उभी करून वीस मिनिटं बसला. ताजबी ओटीवरून बघत होती. सुरू होऊ नये, असं त्याच्या मनात येऊन गेलं. सुरू झाली नसती तर चूक दुसऱ्या कशाची तरी असती. त्याने खटका ओढला आणि गाडी अर्ध्या फेऱ्यात पेटली.

शनिवारी त्याने गाडी पावसला नेली. दवाखाना रिकामा होता. त्याने चावी टेबलावर ठेवली आणि तिच्या बाजूला ते तपकिरी पॅकिंग ठेवलं.

"हे मी लावलं व्हतं," तो म्हणाला. "दिवाळीत. इथं जाड ठोकळा लागतो. तो नव्हता म्हणून."

बाईंनी पॅकिंग उचलून उजेडाकडे धरलं. त्यांना यंत्रातलं फार कळत नव्हतं, पण त्याचं तोंड बघून कळलं. "या कागदामुळे?"

"व्हय."

"आणि ठोकळा मिळायला किती दिवस लागतात?"

"मी बनवला. दोन तासांत."

बाई उठून उभ्या राहिल्या. क्षणभर सदूला वाटलं त्या मारतील. "दोन तास," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस लोक मला बघून रस्त्याच्या पलीकडे जात आहेत. परवा एक बाई अडली तर तिला बैलगाडीत घालून रत्नागिरीला नेली, माझ्या दारावरून. मूल गेलं तिचं. का नेली? तर सदू मेस्त्री सांगतो, ही डॉक्टरीण खोटारडी आहे. आणि तू मला इथे येऊन कागद दाखवतोस? मला कशाला दाखवतोस? मला ठाऊकच होतं मी खोटं बोलत नव्हते!"

सदू ऐकून घेत होता. पण आतला राग काही मेला नव्हता. त्या रागाला आता जायला दुसरी जागा नव्हती एवढंच.

"तरी तुमी सायकलवर बसायला पायजे व्हतात," तो म्हणाला.

"हो," त्या म्हणाल्या. "बसायला पाहिजे होतं. रोज तेच मनात येतं. आता चालता हो इथून."

सोमवारी संध्याकाळी देवळात अर्ज मांडलेला होता. सरपंचांनी पेन पुढे केलं. सदूने ते घेतलं नाही. उभं राहून त्याने सांगितलं. लांबण लावली नाही. दिवाळीत काय लावलं, मार्चमध्ये काय ऐकलं नाही, मेर्वीत काय बघितलं, सगळं सांगितलं. "बाई खरं बोलत व्हत्या. गाडी सुरू व्हायचीच नाय. माज्यामुळं."

सुरुवातीला लोकांना कळेचना. मग एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे तूच मारलीस की रे तुझ्या बायकोला." दुसऱ्या कुणीतरी त्याला गप्प केलं, पण बोललेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. सरपंचांनी अर्जाची घडी घातली आणि खिशात ठेवली. फाडला मात्र नाही. माणसं पांगली. सदूजवळून जाताना कुणी त्याच्या अंगाला अंग लागू दिलं नाही. ज्या माणसाने दवाखान्याची काच फोडली होती, तो सगळ्यांत आधी निघून गेला.

रामा मागे राहिला. खांबाला टेकून तो सदूकडे बघत होता.

"तूपण हँडल मारलं व्हतंस," सदू म्हणाला. "ते मला का नाय सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं?"

"मी बाईला शिव्या घातल्या नसत्या."

"मंग कुणाला घातल्या असत्यास? मला?" रामा पुढे आला. "सायकलवर बसा, असं मी तिला एकदा म्हटलं. ती नको म्हणाली, आणि मी गप बसलो. तिला ओढून बसवली नाय. माज्या पायात जीव नव्हता आणि मला बरंच वाटलं ती नको म्हणाली ते. हे सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

सदू बोटावरचा फोड अंगठ्याने दाबत राहिला.

"आणि तू," रामा म्हणाला, "तू एक कागूद लावलास." त्याने हात उगारला, पण मारला नाही. तसाच हवेत धरून उभा राहिला आणि मग निघून गेला.

पावसच्या दवाखान्यात गोळपची माणसं हळूहळू परत जाऊ लागली. आधी ज्यांना गरज होती ती, मग बाकीची. बाईंची माफी कुणी मागितली नाही आणि बाईंनीही कुणाला जुनं काही बोलून दाखवलं नाही. फक्त आता त्या प्रत्येकाला रांगेत बसवत, सरपंचांनासुद्धा. गाडीचं काम निघालं की त्या सदूकडेच येत, कारण जवळपास दुसरा मेस्त्री नव्हता. छत्री घेऊन गॅरेजच्या दारात उभ्या राहत. काय बिघडलं ते सांगत, आणि सदूने ऐकल्यावर म्हणत, "आता मी काय म्हटलं ते परत सांग." तो दात आवळून शब्द न शब्द परत सांगायचा. मगच त्या चावी देत.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी रामा सदूच्या घरी आला. आत आला नाही, अंगणात उभा राहिला.

"ताईची ट्रंक पायजे," तो म्हणाला. "आयेनं दिलेली. लुगडी आणि भांडी हायत तिच्यात."

"कशाला?"

"ह्या घरात नको."

सदूला ओरडावंसं वाटलं. ट्रंक मालनची होती, घर मालनचं होतं, अकरा वर्षं ती इथे नांदली होती. तो आत गेला. ट्रंक खाटेखाली होती. त्याने ती उघडली नाही. ओढून दारापर्यंत आणली आणि बाजूला झाला.

रामाने एक कडी धरून उचलून बघितली. लोखंडी पत्र्याची जुनी ट्रंक, एका माणसाला उचलेना. त्याने दोनदा जोर लावला, दोनदा ती खाली आपटली. सदूने पुढे होऊन दुसरी कडी धरली. रामा सोड म्हणाला नाही.

घरापासून रस्ता दोन शेतं पलीकडे होता. बांधावरून चालताना दोघांची पावलं जुळत नव्हती, ट्रंक एकदा याच्या गुडघ्यावर आदळे, एकदा त्याच्या. थांब्यावर त्यांनी ती खाली ठेवली. सदूच्या तळहातावर कडीचा वळ उठला होता.

"जा आता," रामा म्हणाला.

सदू चार पावलं मागे सरला आणि आंब्याच्या झाडाला टेकून उभा राहिला. रामाने त्याच्याकडे पाठ केली. एस.टी. यायला अजून अर्धा तास होता, आणि बस आली की ट्रंक टपावर चढवायला दोन माणसं लागणार होती.